एका हितचिंतकाकडून

आमच्या घरात केर कुणी काढायचा यावर लग्नापासून वाद आहे, पण मेलमधला केर मीच काढायचा याबद्दल दुमत नाही. नोकरीने मी लिफ्ट तपासनीस. इमारतींमधल्या लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दारं तपासायची, आणि धोका दिसला की मालक कितीही गोड बोलला तरी लिफ्ट बंद करून टाळं ठोकायचं. संशय घेणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. घरी आल्यावर तो बुटांबरोबर दाराशी काढून ठेवता येत नाही.

त्यामुळे लोकांचे इनबॉक्स बघितले की तिथेही टाळं ठोकावंसं वाटतं. एकच पत्ता चपलांच्या दुकानापासून विमेवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटत सुटायचं, आणि मग रोज सकाळी ढीगभर मेल बघून कपाळावर हात मारून घ्यायचा. आमच्या ऑफिसातला एक जण तर प्रत्येक जाहिरातीला ‘नको, आभारी आहे’ असं उत्तर पाठवायचा. सभ्य माणूस. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, फसवणाऱ्याला उत्तर दिलंस की त्याला एवढंच कळतं की या पत्त्यावर कुणीतरी जिवंत आहे. मेल खऱ्या दुकानाची असेल तर तळाशी नाव काढून घ्यायची सोय असते, तिथे दाबायचं आणि मोकळं व्हायचं. दुकानच खोटं वाटलं तर तळाशी काय लिहिलंय हे बघायलासुद्धा जायचं नाही. सरळ स्पॅम म्हणून खूण करायची, म्हणजे पुढच्या वेळी तसली मेल आपोआप बाजूला पडते. आणि अनोळखी माणसाने जोडलेला फोटो उघडायचा नाही. म्हणजे नाहीच.

पण हे झालं दारात आलेल्याला हुसकावणं. माझी खरी करामत वेगळी होती. आम्ही जिथून मेल घेतो तिथे एका खात्याला हवे तितके पत्ते जोडता येतात. मी ज्याला त्याला वेगळा पत्ता देतो. वीज कंपनीला एक, बुटांच्या दुकानाला एक, शाळेतल्या जुन्या मित्रांना एक. सगळ्या मेल येतात एकाच ठिकाणी, पण कुठल्या पत्त्यावर आली ते वर लिहिलेलं असतं. म्हणजे कुणी आपला पत्ता बाहेर दिला की चोर लगेच सापडतो. मग तेवढा एक पत्ता काढून टाकायचा. बाकीच्यांना पत्तासुद्धा लागत नाही.

एकदा फक्त दातांच्या डॉक्टरांना दिलेल्या पत्त्यावर टक्कल घालवणाऱ्या तेलाची जाहिरात आली. मला टक्कल आहे हा भाग वेगळा. मी तडक दवाखान्यात गेलो. खुर्चीतल्या पेशंटला तोंडात कापसासकट तसाच ठेवून डॉक्टर माझ्याशी भांडायला बाहेर आले. शेवटी निघालं असं, की त्यांच्या अपॉइंटमेंटचं काम बघणारी नवी कंपनी पत्ते बाहेर देत होती. डॉक्टरांनी ती कंपनी बदलली. मात्र पुढच्या वेळी माझी दाढ काढताना त्यांनी भुलीचं इंजेक्शन जरा हात राखून दिलं, असा माझा वहीम आहे.

आता हिच्याबद्दल. ही म्हणजे माझी बायको. हिला राग आला की भांडी आपटत नाही, आवाज करत नाही, फक्त प्रत्येक वस्तू जागच्या जागी इतकी काटेकोर ठेवायला लागते की माझी बसायची पंचाईत होते. माझे सासरे बॅगा दुरुस्त करायचे. ते गेल्यावर दुकान दादांकडे, म्हणजे हिच्या मोठ्या भावाकडे आलं, आणि लग्नानंतरही ही रोज तिथे जाऊन काम करायची. चेन, चाकं, हँडल हे दादांचं. चामड्याची हातशिवण मात्र दोघंही करायची, आणि आपली जास्त चांगली असं दोघांनाही वाटायचं. मला विचाराल तर दोघांचीही सारखीच सुरेख होती, पण हे मी दोघांपैकी कुणालाही सांगितलेलं नाही.

हिच्या मनात आलं की नुसती दुरुस्ती किती दिवस करायची, आपण नव्या बॅगाही शिवू. दादा म्हणाले, “आपण दुरुस्ती करणारी माणसं. तुला नव्याची हौस असेल तर वेगळी चूल मांड.”

“मांडते,” ही म्हणाली.

“मांड की. तुझ्यावाचून दुकान अडत नाही.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी गिळायला हवं होतं. ही त्याच दुपारी घरी आली, स्वतःच्या शिलकीतून चामडं शिवायची एक जुनी दणकट मशीन आणली आणि आमच्या मागच्या खोलीत मांडली. अंगणाकडच्या खिडकीत उजेड चांगला येतो म्हणून तिथे. मला माझी आरामखुर्ची हलवावी लागली, ती आजतागायत स्वयंपाकघराच्या दारात अडकून आहे.

भावाबहिणीत बोलणं बंद झालं असं नाही. पण फोनवर दुसऱ्याच वाक्याला दोघांचा आवाज चढायचा. म्हणून मी तोडगा काढला, की काही असेल तर लिहून कळवा. लिहिताना माणसाला ओरडता येत नाही. दादांसाठी मी ‘दादा’ याच शब्दाचा एक स्वतंत्र पत्ता करून दिला. तो पत्ता जगात त्यांच्याखेरीज कुणाकडे नव्हता. पुढच्या सगळ्या महिन्यांत त्यांनी त्यावर दोन मेल पाठवल्या. पहिलीत विचारलं होतं, ‘वरच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे आहे का?’ दुसरीत एकच शब्द होता, ‘सापडली.’

इकडे हिच्या मशीनला काम मिळेना. गल्लीतल्या पोरांच्या दप्तरांच्या चेना यायच्या, कुणाच्या तरी पर्सचा बंद यायचा. पण हात लावताना जीव खालीवर व्हावा असं चामड्याचं काम एकही येत नव्हतं. ज्यांच्याकडे चांगल्या बॅगा आहेत ती माणसं जुन्या दुकानात जातात, अनोळखी घराच्या मागच्या खोलीत येत नाहीत. हिने शिवलेल्या दोन नव्या बॅगा खुंटीला टांगून होत्या. येणारा प्रत्येक जण त्यांना हात लावून ‘छान आहेत हं’ म्हणायचा आणि चेन बसवून निघून जायचा.

एके दिवशी ही चहा घेताना शांतपणे म्हणाली, “उन्हाळ्यापर्यंत बघते. नाही जमलं तर मशीन देऊन टाकते.”

मशीन गेली असती तर घरातलं एक लोखंड कमी झालं असतं असं नव्हे. ही लहानपणापासून हातात सुई धरत आली आहे. शिवायला काही नसलं की हिची बोटं पदराची किनार चाचपत बसतात, आणि ते माझ्याच्याने बघवत नाही.

त्या दिवसांतच त्या मेल सुरू झाल्या.

पहिली आली तेव्हा मी हिला मुद्दाम हाक मारून दाखवली, कारण ती नमुना म्हणून जपून ठेवण्यासारखी होती. ‘नमस्कार. आपल्या एका हितचिंतकाने आपला हा पत्ता दिला. सोबत फोटो जोडला आहे. कृपया उघडून पाहावा व लवकर उत्तर द्यावे.’ ना नाव ओळखीचं, ना काय काम आहे त्याचा उल्लेख.

“हितचिंतक!” मी म्हणालो. “अगं, आपल्याला इतके हितचिंतक असते तर मी अजून लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो असतो का?”

ही हसली. मी मेल कचऱ्यात टाकली. दोन दिवसांनी दुसरी आली, वेगळ्या माणसाकडून, पण शब्द जवळजवळ तेच. तोच हितचिंतक, तसाच फोटो. मग आणखी एक. त्यानंतर एका बाईची आली, ‘तातडीचे आहे’ असं वर लिहून. मी खुशीत होतो. शिकवण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. अनोळखी माणूस, गूढ हितचिंतक, उघडायला सांगितलेला फोटो आणि लावलेली घाई. मी हिला बोट ठेवून एकेक गोष्ट दाखवली.

“पण आल्या कुठल्या पत्त्यावर?” हिने विचारलं.

मी वर पाहिलं. सगळ्या ‘दादा’ या पत्त्यावर आल्या होत्या.

ही उठली. टेबलावरची कात्री उचलून खणात ठेवली, दोऱ्याचं रीळ फळीवर सरळ केलं, मेणाचा तुकडा डबीत ठेवून डबी बंद केली. मला कळायचं ते कळलं.

“चुकून झालं असेल,” मी म्हणालो. “कुठल्या तरी सोडतीत वगैरे भरला असेल पत्ता.”

“माझा पत्ता? स्वतःचा भरता आला नाही?”

“किंवा मग...” इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण चोर सापडला की मला गप्प बसवत नाही. “किंवा मग दिला असेल कुणाला तरी. असे पत्ते विकत घेणारे असतात.”

“बंद करा तो,” ही म्हणाली.

“दादांनी लिहिलं तर?”

“एकदा किल्ली हरवली, एकदा सापडली. आता काय उरलंय लिहायचं?”

मी पत्ता काढून टाकला. त्याला एक बोट पुरतं. त्यानंतर त्या पत्त्यावर कुणीही लिहिलं असतं तर त्याची मेल ‘असा पत्ता अस्तित्वात नाही’ या शेऱ्यासकट परत गेली असती. इनबॉक्स लख्ख झाला. मी दोन-तीनदा उघडून कौतुकाने बघितलासुद्धा.

उन्हाळा आला. काम आलं नाही. हिने जुन्या मशिनी घेणाऱ्या माणसाला फोन केला आणि त्याने रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणून सांगितलं. शनिवारी सकाळपासून ही मशीन पुसत होती. विकायच्या वस्तूला कुणी इतकं तेल घालत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातल्या माझ्या खुर्चीत बसून पेपर वाचल्यासारखं करत होतो.

तेवढ्यात कुणीतरी दार ठोठावलं. बेल असताना ठोठावलं. उघडलं तर गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, चिखलाने माखलेली एक बाई समोर उभी. हातात काळी चामड्याची बॅग, तिचा तळ उसवून लोंबत होता आणि तो पडू नये म्हणून खालून सुतळी बांधली होती.

“हेच का ते घर?” ती म्हणाली. “तुमच्याकडे मेल बंद करायची फॅशन आहे का? मी तीन वेळा लिहिलं. पहिल्या मेलला उत्तर नाही. नंतरच्या दोन्ही अस्तित्वात नाही म्हणून परत आल्या!”

“आपण कोण?”

“गुरांची डॉक्टर. सकाळी एका गाईने या बॅगेवर पाय दिला. त्याआधी एका घोड्याने दिला होता. इंजेक्शनं शेतात पडतात माझी. ती बॅग शिवणारी बाई इथे राहते की नाही?”

ही मागून आली. तिने बॅग हातात घेतली, उलटी केली, उसवलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “पत्ता कुणी दिला तुम्हाला?”

“एका हितचिंतकाने,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लगेच स्वतःवरच वैतागल्या. “जाऊ दे हो, मला नाही जमत ही नाटकं. मला परत गोठ्यावर जायचंय. तुमच्या भावाने दिला. नाव सांगू नका म्हणाले. माझं नाव निघालं तर ती कामाला हात लावणार नाही, म्हणाले. म्हणून आम्ही सगळ्यांनी ते सांगतील तेवढंच लिहायचं, हितचिंतक म्हणून. काम काय ते फोटोत दिसेलच, म्हणाले.”

“सगळ्यांनी म्हणजे?”

“चामड्याच्या शिवणीला जो जाईल त्याला तुमच्याकडेच धाडतात ते. मला तर दुसऱ्या कुणाकडे नेऊच देईनात. तळ टिकायला हवा असेल तर माझ्या बहिणीकडेच न्या म्हणाले. ते स्वतः आता चेन बसवतात, चाकं बसवतात. शिवण घेत नाहीत.” त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला आणि बोटं थरथरवून दाखवली. “हात असा होतो. बरेच दिवस झाले. मी गुरांची डॉक्टर असले तरी एवढं कळतं. डॉक्टरला दाखवा म्हटलं, तर दाखवलंय म्हणाले, गोळ्या चालू आहेत.”

हिच्या हातातली बॅग तशीच राहिली. मी विचारलं, “पण मेल परत आल्यावर?”

“मी त्यांच्याकडे गेले, म्हटलं तो पत्ताच नाही म्हणतंय. त्यांनी माझा फोन घेऊन बराच वेळ ते वाचलं. मग तुमच्या घराचा पत्ता सांगितला. गल्लीच्या तोंडापासूनच्या खुणांसकट.” त्यांनी घड्याळ बघितलं. “मंगळवारपर्यंत होईल?”

“सोमवारी न्या,” ही म्हणाली.

त्या गेल्यावर मी गुपचूप मेल उघडली. टाकलेल्या मेल बरेच दिवस कचऱ्यात पडून असतात, हा मेल बनवणाऱ्यांचा चांगुलपणा. त्या सगळ्या तिथे होत्या. मी पहिल्या मेलचा फोटो उघडला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि हात जोडून.

एका मोठ्या वाद्याची पेटी होती, कोपऱ्यात चामडं फाटलेलं. फोटो धूसर होता, हललेला. पण पेटी ज्या टेबलावर ठेवली होती ते हिने ओळखलं. काठाशी सरसाच्या तापलेल्या भांड्याने पडलेला गोल काळा डाग होता. तो सासऱ्यांच्या हातून पडला होता, हिच्या जन्माच्याही आधी. दुसरा फोटो, प्रवासाची जुनी बॅग, तेच टेबल. तिसऱ्यात एक हातपेटी, तेच टेबल, आणि कोपऱ्यात दादांच्या बाहीचं टोक. ज्या माणसांना फोटो काढून जोडता येत नव्हता, त्यांचं तेही काम दादांनी केलं होतं. सगळे फोटो हललेले होते.

“दादाचा हात हलत नाही,” ही म्हणाली. “दादा शिवताना शेजारी कुणी ताशा वाजवला तरी टाका वाकडा जायचा नाही.” आणि मग ती रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हिला रागावलेली हजारदा पाहिली आहे, रडताना फार कमी. मी पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मला त्या क्षणी माझ्या मेहुण्यांबद्दल इतकं काही वाटत होतं की ते समोर असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो, आणि ते माझ्यापेक्षा फार तर सहा महिन्यांनी मोठे आहेत.

डोळे पुसून हिने आधी मशीन घ्यायला येणाऱ्याला फोन लावला. “उद्या येऊ नका,” ती म्हणाली. “नाही, परवाही नको. काम आलंय.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि तुम्ही तो पत्ता परत जोडा आधी.”

जोडला. मग शेजारी बसून आम्ही त्या प्रत्येक माणसाला उत्तर लिहिलं. ‘उत्तराला उशीर झाला, माफ करा. काम अजून राहिलं असेल तर आनंदाने करीन.’ माफ करा हा शब्द मी घातला, आनंदाने हा तिने. दोघांनी काम दुसरीकडे दिलं होतं. एकाने जरा खरमरीत उत्तर दिलं, ते आम्ही निमूट वाचलं. पण वाद्याच्या पेटीवाल्याने तासाभरात लिहिलं, ‘देवासारख्या भेटलात, मी पेटीला दोरी बांधून फिरतो आहे.’

डॉक्टरीणबाईंच्या बॅगेचा तळ हिने त्याच दुपारी शिवायला घेतला. मेण लावलेला दोरा, दुहेरी टाका, खाली जाड चामड्याची पट्टी. मी मध्ये एकदा चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. त्याचा मला फार आनंद झाला.

रविवारी सकाळी आम्ही दादांच्या दुकानात गेलो. ते सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस उघडं असतं. दादा एका सुटकेसला चाक बसवत होते. आम्हाला पाहून त्यांनी पक्कड खाली ठेवली, स्टुलावरचे चामड्याचे तुकडे हाताने बाजूला केले आणि ते हिच्याकडे सरकवलं.

“बस, मुंगे,” ते म्हणाले. लहानपणी ही स्वतःपेक्षा मोठ्या बॅगा उचलायला जायची, तेव्हापासूनचं ते नाव.

ही बसली. मग दादा माझ्याकडे बघून म्हणाले, “जावईबापू, तो तुमचा पत्ता बंद पडला होता म्हणे.”

“हो, ते जरा तांत्रिक...” मी सुरुवात केली. खोटं बोलायला लागलो की माझे कान लाल होतात, ते झालेच.

“बंद पडला नव्हता,” ही म्हणाली. “मी बंद करायला लावला. मला वाटलं तू तो कुणाला तरी विकलास.”

दादांनी मान हलवली. “मला वाटलंच.”

“काय वाटलं?”

“की तूच बंद केलास. नुसता बिघाड असता तर यांनी दुपारच्या आत नीट केला असता.”

“आणि तरी तू त्या बाईला घर दाखवलंस?”

“मग काय करू? तिच्या बॅगेचा तळ गेला होता. तुझ्याशिवाय तो कोण शिवणार?” दादा अगदी साधेपणाने म्हणाले. मग त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली घेतला. “आणि तुला काम मिळत नाही असं कानावर येत होतं. माझ्याकडे येत होतं, तर मला जमत नव्हतं. यात विचार करण्यासारखं काय आहे?”

“मला सांगता आलं नाही? हाताचं?”

“सांगितलं असतं तर धावत आली असतीस. दुकान सांभाळायला. तुझी मशीन पडली असती धूळ खात.”

ही म्हणाली, “दादा, तू नसतास तर आज मशीन गेली असती माझी. टेम्पो ठरला होता. तुझे फार उपकार झाले.”

“ए, आभार कसले मानतेस परक्यासारखे.”

“मानू दे मला,” ही म्हणाली. “मला मानायचेत.”

दादांनी सुटकेसचं चाक उगाच दोनदा फिरवून पाहिलं. मी म्हणालो, “माझेही धरा त्यात.” तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरून आले, आणि माझं काय झालं ते मी सांगत नाही.

त्याच वेळी एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. बगलेत दुर्बिणीची जुनी चामड्याची पेटी होती, झाकणाची शिवण पार सुटलेली. “हे होईल का हो?” त्यांनी विचारलं.

दादांचा हात सवयीने गल्ल्यामागे गेला. तिथे कागदाचे छोटे तुकडे रचून ठेवले होते, प्रत्येकावर आमच्या घराचा पत्ता. अक्षर वाकडंतिकडं झालं होतं, पण प्रत्येक तुकड्यावर पूर्ण. त्यांनी एक उचलला, गृहस्थांच्या कानाशी वाकले, आणि मग हिच्याकडे पाहून थांबले.

“सांग ना,” ही म्हणाली. “नाव घेऊन सांग.”

दादा सरळ उभे राहिले. “ही माझी बहीण,” ते त्या गृहस्थांना म्हणाले. “शिवणकाम ही करते. माझ्यापेक्षा चांगलं करते.”

ही गोष्ट दोघांपैकी एकाने तोंडाने बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

हिने पेटी मांडीवर घेतली, उजेडाकडे धरली आणि चामडं टोचायच्या आरीसाठी हात पुढे केला. दादांनी आरी तिच्या तळहातावर ठेवली. त्यांची बोटं थरथरत होती. हिने आरीसकट तो हात धरला, घट्ट, थरथर थांबेपर्यंत. नंतरही सोडला नाही.

म्हाताऱ्या गृहस्थांनी एकदा दोघांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. “मी नंतर येऊ का?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही हो काका,” मी म्हणालो. “बसा तुम्ही. आत्ता होईल तुमचं काम.”